जगाची वेळ आणि पालघरचा सूर्य

बोईसर-तारापूरची कारखानदारी वाढली, पालघरचे तरुण परदेशीं गेले, आणि "आतां तिकडे किती वाजले असतील?" हा प्रश्न घरोघरीं नित्याचा झाला. त्याचें उत्तर घड्याळाच्या एकाच तबकडीवर देण्याची युक्ति जिनीव्हाच्या लुई कोतिए या कारागिरानें १९३१ सालीं साधली. प्रथम खिशांतील घड्याळांत, पुढें मनगटी.

तबकडीच्या कडेस नगरांचीं नांवें, त्यांच्या आंत चोवीस तासांचें कडें. आपलें नगर बाराच्या ठिकाणीं आणून कांटे लावले कीं कडें उलट दिशेनें सावकाश फिरूं लागतें. ज्या नगरापुढें जो आंकडा, ती तेथील वेळ. अशीं जुनीं घड्याळें फार थोडीं. पाटेक फिलिप या पेढीचें १९३९ सालचें प्लॅटिनमचें एक घड्याळ २००२ सालीं लिलावांत ६६ लाख स्विस फ्रँकांना गेलें! आम्हांस त्यांची मोहिनी पडते ती निराळ्या कारणानें. लंकेस सूर्योदय होतो तेव्हां यवकोटीस मध्याह्न, सिद्धपुरीं सूर्यास्त आणि रोमकदेशीं मध्यरात्र असते, असें आर्यभटानें सांगितलें आहे. कोतिएची तबकडी म्हणजे त्याच कल्पनेचें चालतें-बोलतें चित्र. (त्या कारागिरास आर्यभट ठाऊक होता असें आम्ही म्हणत नाहीं.)

अडचण येते ती आपल्याच देशाशीं. चोवीस खणांच्या तबकडीस पुरे तासच कळतात. आपली वेळ मात्र ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें. मुंबईस पांचव्या खणांत बसवून भारतीय वेळ लावावी, तर लंडनची वेळ अर्धा तास पुढें दिसते. परंतु मुंबईची जुनी वेळ, म्हणजे ग्रीनिचहून ४ तास ५१ मिनिटें पुढची, लावली तर चूक अवघी नऊ मिनिटांची! १ जानेवारी १९०६ पासून देशास एक वेळ लागू झाली, तरी मुंबईनें आपली वेळ सुमारें अर्धशतक सोडली नाहीं. गिरणीकामगारांना तर घड्याळाच्या नांवाखालीं ३९ मिनिटें आधीं कामावर येणें हा उघड अन्याय वाटला. आणि सूर्य त्यांच्याच बाजूचा साक्षीदार होता.

तो आजही तीच साक्ष देतो. पालघर, बोईसर व तारापूर हीं मुंबईच्याच रेखांशालगत आहेत. १५ एप्रिलच्या सुमारास मुलांनीं अंगणांत एक सरळ काठी ओळंब्यानें रोवावी आणि बारा वाजल्यापासून दर पांच मिनिटांनीं सावलीच्या टोकाशीं खूण करावी. सर्वांत आंखूड सावली १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास पडेल.