कॅम्पसचा मास्टर प्लॅन आणि न लागलेले तीन दिवे

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही किंवा ज्यांचे इअरफोन हरवलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘म्हणजे बघा ना’ आणि ‘काय म्हणत होतो मी’ तेवढे काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय ऐकून काही जण ‘हे कशाला?’ म्हणतील. विषय आहे विद्यापीठाच्या कॅम्पसचं दीर्घकालीन नियोजन. पुढच्या वीस-तीस वर्षांत कुठे इमारत होणार, कुठे रस्ता आणि कुठे झाडं, हे ठरवतं कोण आणि कसं? मी आर्किटेक्ट नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. तरी हा विषय माझ्या डोक्यात घुसला तो तीन दिव्यांमुळे. म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

रिकामा प्लॉट

मी बीटेक केलं ते कॉलेज गावाबाहेर होतं. जागा भरपूर. लायब्ररी एका टोकाला, मुलींचं होस्टेल दुसऱ्या टोकाला. डांबरी रस्त्याने गेलं तर मोठा वळसा पडायचा. म्हणून सगळे मधल्या रिकाम्या प्लॉटमधून जायचे. इतकी वर्षं इतके पाय पडले होते की तिथलं गवत उगवायचंच बंद झालं होतं, पक्की पायवाट झाली होती. प्लॉटच्या कडेला पत्र्याची एक पाटी होती, ‘नियोजित सभागृह’.

लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी असायची. पण माझ्या बॅचमधली एक मैत्रीण आठ वाजले की वह्या आवरायला लागायची. पायवाटेवर एकही दिवा नव्हता आणि रस्त्याच्या वळशावरही निम्मे बंद असायचे. तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता, प्रोजेक्टचं सगळं काम लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर चालायचं. आम्ही मुलं अकरापर्यंत बसायचो. म्हणजे रोजचे तीन तास आम्हाला मिळायचे, तिला नाही. फी मात्र दोघांची सारखीच.

तिसऱ्या वर्षी आम्ही सह्या गोळा करून अर्ज दिला. मागणी एवढीच होती, की पायवाटेवर तीन दिवे लावा. इमारतींचं काम बघणाऱ्या ऑफिसातून उत्तर आलं, तेही अगदी सभ्य भाषेत. मास्टर प्लॅनमध्ये तिथे सभागृह आहे. उद्या खोदकाम होईल, खांब काढावे लागतील, खर्च वाया जाईल आणि ऑडिटला उत्तर कोण देणार? सबब अर्ज नामंजूर.

राग आला होता, पण खरं सांगतो, त्या साहेबांचं काही चुकलं नव्हतं. ते कागदाप्रमाणेच वागत होते. घोळ त्या कागदात होता.

मास्टर प्लॅन बनतो कसा?

ढोबळ पायऱ्या अशा. पहिली पायरी अंदाजाची. समजा आज ३,००० विद्यार्थी आहेत आणि २० वर्षांनी ६,००० होतील असं धरलं. दुसरी पायरी हिशेबाची. एका विद्यार्थ्यामागे वर्ग, लॅब, होस्टेल, मैदान मिळून किती जागा लागेल ते काढायचं आणि गुणाकार करायचा. तिसरी पायरी वाटणीची. नकाशावर रंग भरायचे, इथे शैक्षणिक, इथे निवासी, इथे खेळ, इथे ‘भविष्यातील विस्तार’. चौथी पायरी जोडणीची. रस्ते, पाणी, मैला आणि पावसाच्या पाण्याचा निचरा, वीज. आणि शेवटी टप्पे, म्हणजे आधी काय बांधायचं आणि नंतर काय.

दिसायला एकदम शहाणपणाचं काम आहे, आणि बरंचसं आहेही. अडचण पहिल्या पायरीत आहे. २० वर्षांनी कोणती शाखा जोरात असेल हे आज कोण सांगणार? मोठा वर्कशॉप बांधावा आणि मुलांनी कॉम्प्युटरला गर्दी करावी, असं होतंच. अंदाज चुकला की त्यावरचे हिशेब, रंग, टप्पे सगळंच हळूहळू सरकतं. नकाशा मात्र भिंतीवर तसाच लटकत राहतो.

दुसरी अडचण सहसा लक्षात येत नाही. नकाशावर इमारत दिसते. दिवा, बाकडं, सावली, गळकी पाइप हे काही दिसत नाही. जे नकाशावर नाही त्याला बजेटमध्ये ओळ मिळत नाही, आणि ओळ नाही म्हणजे पैसे नाहीत. मोठ्या कामाची वाट बघता बघता छोटी कामं अनाथ होतात. आमचे तीन दिवे असेच गेले.

ऑरेगॉनमधला प्रयोग

हेच दुखणं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने ५० वर्षांपूर्वी वेगळ्या पद्धतीने हाताळायचं ठरवलं. माझी आणि त्या प्रयोगाची ओळख कशी झाली, तेही मजेशीर आहे. नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी आपण सगळेच ‘डिझाइन पॅटर्न्स’ पाठ करतो. त्या विषयाचं १९९४ चं गाजलेलं पुस्तक चाळताना त्यात ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे नाव दिसलं. म्हटलं, असेल कोणी प्रोग्रॅमर. निघाला आर्किटेक्ट! सॉफ्टवेअरमधली ‘पॅटर्न’ ही कल्पना मुळात इमारती आणि गावं बांधण्याच्या विचारातून आलेली आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये जगातली पहिली विकी सुरू केली, तीही असेच पॅटर्न साठवायला.

अलेक्झांडर यांचा जन्म १९३६ चा, व्हिएन्नातला. केंब्रिजला गणित आणि आर्किटेक्चर शिकले, हार्वर्डला पीएचडी केली आणि पुढे बर्कलीत शिकवलं. २०२२ मध्ये ते गेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युनिव्हर्सिटी ऑफ ऑरेगॉनने त्यांच्या संस्थेला कॅम्पसचं नियोजन करायला सांगितलं. हे विद्यापीठ युजीन नावाच्या शहरात १८७६ पासून आहे. १९१४ मध्ये एलिस लॉरेन्स या आर्किटेक्टने त्याचा रीतसर आराखडाही केला होता. पण १९६० च्या दशकात विद्यार्थी झपाट्याने वाढले आणि जुनं गणित पुरेनासं झालं.

अलेक्झांडर यांनी नवा नकाशा दिलाच नाही. त्यांनी दिली एक पद्धत. ती ‘द ऑरेगॉन एक्सपेरिमेंट’ या १९७५ च्या पुस्तकात आहे. त्यात सहा तत्त्वं आहेत, मी माझ्या भाषेत सांगतो.

एक, कॅम्पसचं शेवटचं चित्र आज काढू नका. एकेका कामातून ते घडू द्या.

दोन, काय बांधायचं आणि कसं, हे तिथे वावरणाऱ्यांनी ठरवायचं. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी. आर्किटेक्ट मदतीला.

तीन, वाढ छोट्या छोट्या तुकड्यांनी. हे मला सगळ्यात आवडलं, कारण इथे थेट पैशांची गोष्ट आहे. मोठ्या, मध्यम आणि छोट्या कामांवर एकूण खर्च सारखाच व्हावा, असं ते म्हणतात. आता विचार करा, एका मोठ्या इमारतीच्या पैशांत किती छोटी कामं होतील! म्हणजे संख्येने छोटीच कामं जास्त होणार.

चार, सगळ्यांनी मिळून मान्य केलेले नियम, म्हणजेच पॅटर्न. प्रत्येक नियमात एक अडचण आणि तिच्यावरचा उपाय असतो. उदाहरणार्थ, विद्यापीठ फार पसरलं तर एका तासानंतर दुसऱ्या तासाला वेळेत पोचता येत नाही. म्हणून सगळे वर्ग साधारण ३,००० फूट, म्हणजे सुमारे ९०० मीटर व्यासाच्या वर्तुळात ठेवा. दहा मिनिटांत चालून जाता आलं पाहिजे. नियम पटला नाही तर तो बदलता येतो, पण सगळ्यांसमोर.

पाच, दरवर्षी तपासणी. कॅम्पसचा नकाशा घेऊन फिरायचं आणि कुठली जागा जिवंत आहे, कुठली मेलेली, याच्या खुणा करायच्या. डॉक्टर तपासतो तसं.

सहा, समन्वय. लोकांनी सुचवलेल्या कामांतून कोणाला आधी पैसे द्यायचे, हे उघडपणे ठरवायचं.

म्हणजे आमचा अर्ज तिथे ‘प्लॅनच्या विरुद्ध’ ठरला नसता. असे अर्ज हाच तिथे प्लॅनचा कच्चा माल होता.

मग सगळं छान झालं का?

नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर ही जाहिरात होईल. ऑरेगॉन विद्यापीठाच्या आराखड्यात पॅटर्न आणि वापरणाऱ्यांचा सहभाग या गोष्टी आजही आहेत. पण मोठ्या इमारती काही थांबल्या नाहीत. २०१६ मध्ये नायकीचे सहसंस्थापक फिल नाइट आणि त्यांच्या पत्नीने तिथे विज्ञानाच्या नव्या संकुलासाठी ५० कोटी डॉलर्सची देणगी जाहीर केली. एवढे पैसे समोर आल्यावर ‘आधी छोटी कामं करू’ असं कोण म्हणणार? देणगीदाराचं नाव इमारतीवर लागतं. दुरुस्त केलेल्या गटारावर कोणी नाव लावत नाही.

आणि सगळंच तुकड्या-तुकड्यांनी होतं असंही नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. अ‍ॅपमधलं बटण या आठवड्यात हलवता येतं. पण डेटाबेसची रचना सुरुवातीला चुकली, तर पुढे पाच वर्षं रडावं लागतं. कॅम्पसचंही तसंच. जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा, मुख्य चालायचे रस्ते, मोठी झाडं या गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. वडाचं झाड काही पुढच्या स्प्रिंटमध्ये वाढवता येत नाही!

याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे, आणि ते करणारा माणूस मराठी. अच्युत कानविंदे. १९१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, मग हार्वर्ड. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी कानपूरचा कॅम्पस त्यांनी आखला. वर्ग, प्रयोगशाळा आणि लायब्ररी त्यांनी मध्यभागी एकमेकांजवळ ठेवल्या, गाड्या बाहेरच्या बाजूला, आणि इमारतींना जोडायला छताखालून जाणारे चालायचे मार्ग. कानपूरचं ऊन ज्याने सोसलंय त्याला त्या सावलीची किंमत कळेल. हा नकाशा एकदाच आखलेला होता, पण त्यात चालणारा माणूस आधी होता.

म्हणून माझं मत असं झालंय. दीर्घकालीन आराखडा हवाच. पण त्यात दोन वेगळे भाग हवेत. एक सांगाडा, जो सहज बदलायचा नाही. पाणी, निचरा, झाडं, चालायच्या वाटा. आणि दुसरा भाग मोकळा, जिथे दरवर्षी लोक सांगतील तशी भर पडेल, आणि त्यासाठी वेगळे राखून ठेवलेले पैसे. आपल्याकडे बहुतेक उलटं होतं. तीस वर्षांनंतरची इमारत दगडावरची रेघ, आणि आज चालणाऱ्या माणसाची वाट तात्पुरती.

पुन्हा त्याच प्लॉटवर

गेल्या वर्षी बॅचच्या गेट-टुगेदरला कॉलेजमध्ये गेलो होतो. सभागृह झालेलं नाही. पाटीला मात्र नवा रंग दिलाय. पायवाट आणखी रुंद झाली आहे. आणि वाटेच्या तोंडाशी, कॅन्टीनच्या मागच्या भिंतीवर, एक एलईडी बल्ब. कॅन्टीनवाल्या काकांनी स्वतःच्या कनेक्शनवरून लावलाय. विचारलं तर म्हणाले, “पोरी येतात-जातात रे, अंधारात बरं नाही वाटत.” ना अर्ज, ना मंजुरी. मैत्रीण शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “एकच लावलाय, पण आमच्या वेळी हाही चालला असता.”

निघताना माजी विद्यार्थ्यांसाठी एक फॉर्म दिला गेला, कारण आता नवा आराखडा होतोय. त्यात प्रश्न होता, ‘कॅम्पसमध्ये कोणती नवी इमारत असावी?’ आम्ही दोघांनी इमारतीचं नाव लिहिलं नाही. त्या जागी वाटेचा नकाशा काढला आणि दिव्यांच्या जागी तीन फुल्या मारल्या. खाली लिहिलं, ‘सभागृह होईल तेव्हा खांब हलवता येतील.’

तुमच्या कॉलेजात असा आराखडा चालू असेल तर तीन प्रश्न विचारा. आमच्या सूचना कुठे जमा होतात आणि त्यांना उत्तर कोण देतं? छोट्या कामांसाठी वेगळी रक्कम आहे का? आणि एखादी मोकळी जागा भविष्यासाठी राखून ठेवली असेल, तर तोपर्यंत तिथे काय करता येईल? उत्तर लगेच मिळणार नाही, पण प्रश्न लेखी द्या. तोंडी प्रश्न फाइलमध्ये लागत नाही.

आणि हो, तुमच्या कॅम्पसवर अशी एखादी पायवाट असेल, जी नकाशात नाही पण सगळे तिथूनच जातात, तर तिची गोष्ट व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि अंधारात चालताना मोबाइलचा टॉर्च सुरू ठेवा. भेटूया!