मुंबई ते लंडन : एका त्रैराशिकाची तीन उत्तरे

मुंबईहून लंडन हवाई मार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. जेट विमान उंचावर गेले की ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जाते. आता त्रैराशिक मांडा. उत्तर आले आठ तास. पण प्रत्यक्षात लागतात सुमारे दहा. आणि गंमत अशी, की हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघालेला प्रवासी उतरतो, तेव्हा लंडनचे घड्याळ संध्याकाळचे साडेसहा दाखवते. म्हणजे साडेचारच तास झाले म्हणायचे का?

आधी अंतर पाहू. भिंतीवरच्या नकाशात मारलेली सरळ रेघ ही जवळची वाट नव्हे. कारण नकाशा सपाट, पृथ्वी गोल. शिक्षकांनी शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरावा. दोरा इराणवरून, कॅस्पियन समुद्रावरून, कॉकेशस पर्वताजवळून, असा नकाशातल्या रेघेच्या उत्तरेकडून जाईल. ७,२०० किलोमीटर ही त्या दोऱ्याची लांबी.

पण विमानाला नेहमी दोऱ्यावरूनच जाता येत नाही. जेथे युद्ध पेटले असेल, तेथले आकाश टाळून वळसा घ्यावा लागतो. चढता-उतरताना वेग कमी असतो. शिवाय दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून अडवतात, येताना मागून ढकलतात. म्हणून परतीला तासाभराने कमी वेळ लागतो. नदीतल्या नावेचे असते, तसेच हे.

राहिले घड्याळ. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. आपली भारतीय वेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाची आणि लंडनची शून्य रेखांशाची. ८२॥ ला १५ ने भागा, साडेपाच तास येतात. तेवढे लंडनचे घड्याळ मागे. उन्हाळ्यात तिकडे घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोचले. आज विमान मध्ये न थांबता जाते, पण हिशेबाचा घोटाळा व्हायचा तो होतोच.

तो टाळायचा, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिकिटावरची वेळ ज्या त्या गावची असते. तुमचा मुलगा किंवा मुलगी शिकायला निघाली आणि तिकिटावर पोचण्याची वेळ साडेसहा असली, तर हिवाळ्यात त्यात साडेपाच तास मिळवा. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतील. मग सात वाजून गेले तरी फोन कसा नाही, म्हणून घरात कोणाच्या जिवाला घोर लागणार नाही.