रक्ताची मागणी आणि राखीव साठा

रक्तपुरवठा वाढतो तो हृदय जोराने धडधडते म्हणून, ही समजूत अर्धीच खरी आहे. विश्रांतीत दर १०० ग्रॅम स्नायूतून मिनिटाला ३ ते ४ मिलिलिटर रक्त वाहते. जोरदार व्यायामात ५० ते ८० मिलिलिटर. ही मागणी नोंदवितो तो स्वतः स्नायूच. राबणाऱ्या पेशींतून ॲडिनोसिन, पोटॅशियम, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात आणि लगतच्या सूक्ष्म धमन्या सैलावतात. त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह सोळापट होतो, त्यामुळे किंचित रुंदावणेही पुरते. वाढत्या प्रवाहाच्या घर्षणाने धमनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते व वरच्या मोठ्या धमन्याही मोकळ्या होतात. धुरातील प्रदूषक म्हणून बदनाम असलेल्या या वायूच्या रक्ताभिसरणातील संदेशवाहक भूमिकेच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराड यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हृदयाचे गणित मात्र निराळे. विश्रांतीतही ते आपल्या वाट्याच्या रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेते. अधिक प्राणवायू हवा तर अधिक रक्तच हवे. करोनरी धमनी अरुंद होत गेली की तिच्या पुढील सूक्ष्म धमन्या भरपाईसाठी विश्रांतीतच रुंदावून बसतात. रुग्णाला काही जाणवत नाही, ईसीजीही अनेकदा निर्दोष येतो. जिना चढताना मात्र आणखी रुंदावायला वावच नसतो, आणि छाती भरून येते. ‘थांबलो की बरे वाटते’ असे रुग्ण सांगतो. घरच्यांना त्यात दिलासा वाटतो. डॉक्टरांनी तेथेच सावध व्हावे.