नऊ नंबरची लेडीज सँडल मागणारा पुरुष ग्राहक : हसायचं की विकायचं?



आजचा विषय वाचून काही जण गालात हसतील. हसा, हरकत नाही. पण शेवटपर्यंत वाचा, कारण हा विषय चपलेचा कमी आणि धंद्याचा जास्त आहे. व्हिडिओमध्ये वेळेअभावी जे सांगता येत नाही, ते इथे तपशिलात मांडतो.

समजा, मुखेडला मेन रोडवर तुमचं चप्पल-बुटांचं छोटं दुकान आहे. बाजाराचा दिवस. एक पंचवीस-तीस वर्षांचा माणूस आत येतो, जेन्ट्सच्या रॅककडे उगाच दोन मिनिटं बघतो आणि मग हळूच विचारतो, "दादा, हिलची सँडल दाखवा. नऊ नंबरमधी हाय का?" दुकानातला पोरगा ओरडतो, "कोणासाठी पाहिजे? लेडीजमधी नऊ नसतंय!" बाकीचे ग्राहक वळून बघतात. तो माणूस "बरं, बघतो नंतर" म्हणतो आणि निघून जातो.

तुमचं काय गेलं? एक जोड, असं तुम्ही म्हणाल. माझ्या मते तीन गोष्टी गेल्या : आजची विक्री, तो ग्राहक कायमचा, आणि त्याने ज्यांना तुमचं दुकान सांगितलं असतं ते सगळे. त्याच्याकडून जे गेलं ते आणखी मोठं होतं. पैसे देऊन वस्तू घ्यायला आलेल्या माणसाला मान खाली घालून जावं लागलं.

हा ग्राहक आहे तरी कोण?

धंद्यात आधी ग्राहक ओळखायचा असतो. पुरुषाने उंच टाचेची सँडल मागण्याची कारणं एक नाही, अनेक आहेत.

पहिला, बायकोसाठी किंवा बहिणीसाठी घेणारा. खेड्यावरून तालुक्याला येताना तो खिशात पायाच्या मापाची दोरी किंवा कागद घेऊन येतो. हा सगळ्यात मोठा गट आहे, आणि याला नीट माप समजावून सांगणारा दुकानदार क्वचितच भेटतो.

दुसरा, कलाकार. गॅदरिंग, गणपतीतले कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा, नाटक यांत स्त्रीपात्र करणारी मुलं. लावणी पायात चाळ बांधून अनवाणी नाचली जाते, तिथे सँडल लागत नाही. पण फिल्मी नाच, फॅशन शो, विनोदी नाटक म्हटलं की टाच आलीच.

तिसरा, तृतीयपंथी ग्राहक. यांना सँडल रोजच्या वापराला लागते, म्हणजे हा पुन्हा पुन्हा येणारा ग्राहक आहे.

चौथा, ज्याला स्वतःला घालायला आवडतं तो. एवढंच कारण. ते विचारायचा आपल्याला अधिकार नाही आणि गरजही नाही.

दुकानात आलेला माणूस यातला कोणता आहे हे तोंडाकडे बघून कळत नाही. म्हणून चौघांशी एकच वागणूक ठेवायची. हाच या लेखाचा गाभा आहे.

मंचावर टाळ्या, दुकानात हसू

"आपल्याकडं हे चालत नाय," असं कोणी म्हणालं तर त्याला थोडा इतिहास सांगा. बालगंधर्व (1888–1967) संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करत. त्यांची साडी नेसण्याची, दागिने घालण्याची पद्धत बघून घरंदाज बायका तशी फॅशन करत. म्हणजे स्त्रियांच्या बाजाराचा ट्रेंड एका पुरुषाने ठरवला! तमाशातला नाच्या आपल्याला नवा नाही, गणपत पाटलांनी तो सिनेमात घराघरांत पोचवला. 'मोरूची मावशी'मधले विजय चव्हाण, 1988 च्या 'अशी ही बनवाबनवी'तले सचिन आणि लक्ष्या यांना आपण आजही डोक्यावर घेतो. आपल्या मराठवाड्यात पोतराज घागरा घालून दारात येतो तेव्हा आपण सुपातून दाणे वाढतो, हसत नाही. लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लोककलांना आणि लावणीला किती गर्दी होते, हे वेगळं सांगायला नको.

आणि उंच टाच तर मुळात पुरुषांचीच! इराणी घोडेस्वारांच्या बुटाला टाच असायची, रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून. तिथून ती युरोपात गेली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांचे बूट मिरवायचा. बायकांकडे टाच नंतर आली.

म्हणजे मंचावर आपण टाळ्या वाजवतो आणि तोच माणूस दुकानात सँडल मागतो तेव्हा हसतो. ही विसंगती जो दुकानदार ओळखेल, त्याला रिकामी जागा सापडेल.

एका कारखान्याची खरी गोष्ट

इंग्लंडमध्ये नॉर्थहॅम्प्टनशायर हा बुटांसाठी प्रसिद्ध भाग आहे, आपल्याकडे कोल्हापूर तसा. तिथल्या अर्ल्स बार्टन गावात डब्ल्यू. जे. ब्रूक्स नावाचा पिढीजात कारखाना होता. पुरुषांचे साधे, मजबूत बूट बनवायचे. 1990 च्या दशकात बाहेरचा स्वस्त माल आला, ऑर्डरी आटल्या, कामगार कमी करायची वेळ आली. मालक होते स्टीव्ह पेटमन.

अशात फोकस्टन गावातल्या एका दुकानातून फोन आला : पुरुषांच्या मापात बायकांचे बूट-सँडल बनवून द्याल का? पेटमन यांनी हसून फोन ठेवला नाही. माल बनवला. कॅटलॉगसाठी पठ्ठ्याने स्वतःच्या पायाचे केस काढले आणि स्वतःच बूट घालून फोटो काढले. 1999 मध्ये बीबीसीने यावर माहितीपट दाखवला, 2005 मध्ये 'किंकी बूट्स' हा सिनेमा आला आणि त्यावरच्या संगीत नाटकाने 2013 मध्ये अमेरिकेत मानाचा टोनी पुरस्कार मिळवला.

पण मी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगणार नाही. पुढे दुसऱ्यांनी तसाच माल स्वस्तात काढला आणि हा कारखाना शेवटी बंद झाला. म्हणून धडे दोन घ्या. नवा ग्राहक ओळखल्याने बुडता धंदा तरतो, हा पहिला. आणि नुसती वेगळी वस्तू ठेवून कायमचा बचाव होत नाही, कारण वस्तूची नक्कल होते, हा दुसरा. मापाचं ज्ञान, वागणूक आणि विश्वास यांची नक्कल करायला वेळ लागतो. छोट्या दुकानदाराची ताकद तिथे आहे.

मापाचं शास्त्र : इथे बहुतेक दुकानदार मार खातात

नीट लक्ष द्या, हे पाठच करून ठेवा.

आपल्याकडे चालणारा नंबर ब्रिटिश पद्धतीचा. या पद्धतीत मोठ्या माणसांसाठी लांबीची पट्टी एकच आहे. एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. युरोपियन नंबर (38, 39, 40…) एकाने वाढला की साधारण पावणेसात मिलिमीटर वाढतात. जेन्ट्सचा 8 म्हणजे युरोपियन 42 च्या आसपास.

मग पुरुषाला लेडीज 8 का बसत नाही? कारण लांबी जुळली तरी रुंदी जुळत नाही. लेडीज सँडलचा साचा अरुंद असतो, पंजा दाबला जातो. शिवाय साधारणपणे लेडीज माल 8 नंबरपाशी संपतो, आणि पुरुषांचे पाय 7 ते 10 मध्ये भरपूर असतात.

भारतीयांचे पाय रुंद असतात, हे आता शास्त्रज्ञही सांगतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात 1 लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली.

दुकानात माप असं घ्या :

1. कागद जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. दोन्ही पाय मोजा, मोठा पाय धरा.
2. पंज्याचा सगळ्यात रुंद भाग मोजा. दोरी आणणाऱ्या ग्राहकालाही हेच सांगा : "मामा, पुढच्या वेळी दोरी नको, पायाखाली कागद ठेवून रेघ ओढून आणा."
3. शक्यतो संध्याकाळी मोजा. दिवसभराने पाय थोडे सुजतात.
4. पहिल्यांदा घालणाऱ्याला पेन्सिल हिल देऊ नका. दोन इंचाची रुंद टाच किंवा वेज द्या, घोट्याला पट्टा असलेली. टाच उंच झाली की शरीराचा भार पंज्यावर येतो आणि पाय पुढे घसरतो. पट्टा तो घसरणारा पाय धरून ठेवतो.
5. घालून निदान वीस पावलं टणक फरशीवर चालायला सांगा. गादीवर चालून काहीच कळत नाही.
6. तळव्यात लोखंडी पट्टी आहे का, टाच हलते का, हे आधी स्वतः तपासा. पंचाहत्तर किलोच्या माणसाच्या पायात कच्ची टाच मोडली तर माणूस पडतो आणि तुमचं नावही.

बोलायचं काय?

पोराला दोनच प्रश्न शिकवा : "नंबर किती?" आणि "टाच किती पाहिजे?" बस. "कोणासाठी?" हा प्रश्न दुकानातून हद्दपार करा. मेडिकलवाला "ही गोळी कोणाला?" असं चारचौघांत ओरडून विचारत नाही, तसंच.

मागच्या बाजूला एक खुर्ची, खालपर्यंत दिसेल असा आरसा आणि एक साधा पडदा लावा. खर्च किरकोळ आहे. ग्राहक घालून बघत असताना कोणाचाही मोबाइल त्याच्याकडे वळता कामा नये. सोबत आलेल्या बायको-बहिणीलाही तोच आडोसा कामाला येतो. व्हॉट्सअॅप बिझनेसवर नंबरासकट कॅटलॉग ठेवा, म्हणजे लाजणारा माणूस आधी मेसेज करून मग येईल.

आणि कायदाही माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 'नालसा' निकालात तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. 2019 च्या कायद्यात तर वस्तू आणि सेवा देताना भेदभाव करायला बंदी आहे. तृतीयपंथी ग्राहकाला "तुम्हाला माल देत नाही" म्हणणं हे नुसतं उद्धटपणाचं नाही, बेकायदेशीर आहे.

हिशोब : किती माल भरायचा?

आता वही काढा. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भावाने पुन्हा मांडा. कर यात धरलेला नाही.

तीन डिझाइन निवडा : ब्लॉक हिल, वेज आणि एक समारंभाची चमकदार. प्रत्येकात चार जोड्या : नंबर 8 ची एक, 9 च्या दोन, 10 ची एक. एकूण 12 जोड्या. खरेदी 450 रुपयांनी 5,400, वाहतूक 400, एकूण 5,800 रुपये. विक्री 799 ने. आठ जोड्या विकल्या की 6,392 रुपये येतात, म्हणजे भांडवल सुटलं. उरलेल्या चार पूर्ण भावात गेल्या तर एकूण नफा 3,788. त्या चार खरेदीच्या भावात काढाव्या लागल्या तरी नफा 2,392.

"पण एवढे पुरुष मुखेडला येतील का?" बरोबर प्रश्न. म्हणूनच हा माल फक्त पुरुषांवर अवलंबून ठेवायचा नाही. मोठ्या पायाच्या बायका आपल्याकडे कमी आहेत का? उंच मुली, कबड्डी खेळणाऱ्या पोरी, शेतात अनवाणी राबून पंजा पसरलेल्या मावश्या. यांनाही "तुमच्या नंबरमधी लेडीज येत नाय" ऐकून जेन्ट्सची चप्पल घालावी लागते. म्हणून पाटी लावा : "लेडीज सँडल 10 नंबरपर्यंत मिळतील." यात कोणाचं नाव नाही, कोणाची चेष्टा नाही. ज्याला वाचायचं तो बरोबर वाचतो.

माल कुठून? ठोक बाजारात हा नंबर तयार मिळाला नाही तर मुंबईच्या ठक्कर बाप्पा कॉलनीसारख्या ठिकाणी चपला बनवणारे छोटे कारागीर आहेत. त्यांना मोठा आणि रुंद साचा आहे का ते विचारा, आधी नमुना जोड मागवा, स्वतः वजन देऊन तपासा, मगच डझन सांगा. सगळा माल एकदम उचलायचा मोह टाळा. पडून राहिलेला माल छोट्या दुकानाला आतून खातो.

कराची बाजूही बघा. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के आहे. तुमची उलाढाल कोणत्या मर्यादेत बसते, हे सीएला विचारून मगच भाव ठरवा.

या आठवड्याचा गृहपाठ

चप्पलचं दुकान नसलं तरी हा गृहपाठ करा. शिलाई, पार्लर, कटलरी, कापड, काहीही असो. सात दिवस एक वही गल्ल्याजवळ ठेवा आणि दोनच गोष्टी लिहा. एक, ग्राहकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं ते. दोन, कोणता ग्राहक विचारताना अडखळला. आठव्या दिवशी वही उघडा. पहिल्या यादीतून तुमचा नवा माल ठरेल. दुसऱ्या यादीतून तुमच्या दुकानात काय बदलायला हवं ते कळेल.

दुकानाची पायरी चढायला ग्राहकाला धीर लागत असेल, तर तो धीर देणं हे दुकानदाराचं काम. माल सगळेच विकतात. पुढच्या बाजारच्या दिवशी कोणी हळू आवाजात नऊ नंबर मागितला, तर तुम्हीही हळू आवाजातच म्हणा, "या दादा, बसा. टाच किती दाखवू?"