कंटेनरमधील रिकामी जागा आणि हवेची पिशवी

निर्यातीसाठी निघालेल्या शेतमालाचे नुकसान म्हटले की कीड, बुरशी, ओलावा आणि तापमान ही कारणे प्रथम डोळ्यांसमोर येतात. ती खरीच आहेत. परंतु कंटेनरचे दार परदेशी बंदरात उघडल्यावर फाटलेली पोती, चेपलेले खोके आणि कलंडलेले पॅलेट दिसतात, तेव्हा बहुधा यांपैकी एकही कारण लागू नसते. माल वाटेत हलला, एवढेच घडलेले असते. आणि तो हलतो याचे कारण त्याच्या भोवती हलण्यापुरती जागा शिल्लक राहिलेली असते.

वीस फुटी कंटेनरची आतील रुंदी साधारण २.३५ मीटर असते. चहाची कागदी पोती, काजूगराचे खोके किंवा मसाल्याच्या गोण्या १.१ मीटर चौरस पॅलेटवर रचून असे दोन पॅलेट शेजारी-शेजारी ठेवले, की २.२० मीटर जागा व्यापली जाते आणि १५ सेंटिमीटरची फट उरते. एक मीटर रुंदीचे पॅलेट असतील तर हीच फट ३५ सेंटिमीटरची होते. मालाने ठेचून भरलेल्या कंटेनरला हा प्रश्न नसतो. तांदळाची पोती जमिनीपासून हाताने थप्पी लावून भरली, तर ती एकमेकांनाच आधार देतात. पॅलेटमुळे चढउतार जलद व स्वच्छ होते, पण त्याची किंमत म्हणून ही फट पदरात पडते.

तिच्यातून निर्माण होणारा जोर किती असतो, याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी मिळून २०१४ साली आणलेल्या कंटेनर भरण्याविषयीच्या आचारसंहितेवरून येतो. रस्त्यावर ब्रेक लागल्यास मालावर त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेने, तर वळणावर ०.५ पट जोर बाजूला येऊ शकतो, असे ती धरते. समुद्रावर मुख्य धोका जहाजाच्या डोलण्याचा. १२ मीटरपेक्षा उंच लाटांच्या खुल्या महासागरासाठी बाजूचा जोर वजनाच्या ०.८ पट धरला जातो. म्हणजे एक टनाचा पॅलेट सर्वांत मोठ्या हेलकाव्यात सुमारे ८०० किलोपर्यंतच्या जोराने फटीकडे ढकलला जाऊ शकतो, आणि लहानमोठे हेलकावे प्रवासभर शेकडो नव्हे, हजारो वेळा येतात. २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाज कंपन्यांनी तांबड्या समुद्राचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या भारतीय मालाचा प्रवास केवळ लांबला नाही. तो दक्षिणेकडील खवळलेल्या पाण्यातूनही होऊ लागला.

ही फट भरण्याचा जुना उपाय लाकडाचा. फळ्या, दांडे आणि पाचरी ठोकून माल आवळला जाई, आजही जातो. लाकूड मजबूत असते, पण त्याच्यासोबत साल पोखरणारे भुंगेरे आणि सूत्रकृमी देशोदेशी जातात. म्हणून लाकडी वेष्टनासाठीचे आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण मानक क्रमांक १५ हे २००२ साली स्वीकारले गेले. माल अडकविण्यासाठी वापरलेले कच्चे लाकूडही त्याच्या कक्षेत येते. त्यानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे पोहोचले पाहिजे किंवा अन्य मान्य प्रक्रिया झाली पाहिजे, आणि त्याचा शिक्का लाकडावर असला पाहिजे. पॅलेटवर शिक्का असतो. पण भरणीच्या दिवशी घाईत गोदामातून उचलून आणलेल्या दोन फळ्यांवर तो नसतो, आणि उत्तम प्रतीचा माल त्या दोन फळ्यांपायी परदेशी बंदरात अडकू शकतो. शिवाय ओले लाकूड बंद कंटेनरमध्ये पाणी सोडते. रात्री छत गार पडले की ते पाणी थेंबांच्या रूपाने चहा-कॉफीवर ठिबकते. हवेच्या पिशवीचे, म्हणजे व्यवहारात ‘डनेज बॅग’ किंवा ‘एअर बॅग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनाचे, शेतमालाच्या दृष्टीने मोठे आकर्षण हेच आहे. कागद आणि प्लास्टिक यांना वरील मानक लागू होत नाही.

पिशवीची रचना साधी असते. आत हवा धरून ठेवणारा पॉलिथिनचा फुगा, बाहेर क्राफ्ट कागदाचे अनेक थर किंवा विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे कापड, आणि कडेला एक झडप. रिकामी पिशवी फटीत सोडायची आणि काँप्रेसरने फुगवायची. दमट हवामानात कागदी पिशवीची ताकद घटते. म्हणून किनाऱ्यावरील भरणीसाठी व लांबच्या सागरी प्रवासासाठी विणलेल्या कापडाची पिशवी अधिक भरवशाची.

तिच्यातील दाब मात्र अनेकांच्या कल्पनेपेक्षा फार कमी असतो. सर्वसाधारण कागदी पिशवी सुमारे ०.२ बार, म्हणजे दर चौरस इंचाला ३ पौंड एवढ्याच दाबावर वापरली जाते. मालट्रकच्या चाकातील दाब याच्या तीसपट किंवा त्याहून अधिक असतो. एवढ्या मवाळ दाबाने टनभर माल कसा अडतो, याचे उत्तर क्षेत्रफळात आहे. ०.२ बार म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ दोन टनांचा जोर. पिशवी मालाला जितक्या जास्त क्षेत्रावर टेकेल तितका तिचा आधार मोठा.

येथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून हिशेब थोडा विस्ताराने पाहणे इष्ट. ९० बाय १२० सेंटिमीटरची पिशवी सपाट असताना तिचे क्षेत्र १.०८ चौरस मीटर भरते. फुगल्यावर तिच्या कडा गोलावतात आणि मालाला टेकणारा भाग आक्रसतो. ढोबळ भूमितीने पाहता फटीच्या रुंदीच्या सुमारे दीडपट इतका भाग लांबीतून आणि रुंदीतूनही वजा होतो. १५ सेंटिमीटरच्या फटीत टेकणारे क्षेत्र ०.६४ चौरस मीटरच्या आसपास राहते आणि ०.२ बार दाबाला ते सुमारे १.३ टनांचा आधार देते. एक टनाच्या पॅलेटचा ०.८ टनांचा जोर त्यात सहज सामावतो. तीच पिशवी ३० सेंटिमीटरच्या फटीत घातली, की टेकणारे क्षेत्र ०.३१ चौरस मीटरवर येते आणि आधार ०.६ टनांवर. ४५ सेंटिमीटरच्या फटीत तर ते ०.१ चौरस मीटरही उरत नाही. बाहेरून गच्च फुगलेली दिसणारी पिशवी प्रत्यक्षात गोल उशीसारखी मध्येच टेकलेली असते. घर्षणाची मदत मिळते आणि माल दाबू लागला की पिशवीतील दाबही वाढतो हे खरे. त्यामुळे अंतिम क्षमता पिशवीच्या फुटण्याच्या दाबावरून काढतात, आणि एकदाच वापरायच्या पिशवीसाठी आचारसंहिता त्या दाबाचा पाऊण भागच हिशेबात धरू देते. पण मालाला मुळात हलूच द्यायचे नसेल, तर भरतानाच्या दाबावर केलेला वरचा हिशेब विसरून चालत नाही. फट मोठी असेल तर मोठी पिशवी घ्यावी. त्याहून बरे म्हणजे पॅलेटचा आकार बदलून किंवा मध्ये भरीव आधार देऊन फटच लहान करावी.

दाब वाढवून क्षेत्राची उणीव भरून काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. पिशवी मालाला ढकलते तशीच, माल भिंतीला टेकलेला असल्यामुळे, कंटेनरच्या भिंतीलाही ढकलते. बाजूच्या भिंती कमाल भाराच्या ०.६ पट आणि दोन्ही टोकांच्या बाजू ०.४ पट जोर सोसतील अशी चाचणी घेतलेली असते, आणि तोही जोर संपूर्ण पृष्ठभागावर सारखा पसरलेला असेल तर. म्हणून पिशवी भिंत आणि माल यांच्यामध्ये न घालता कंटेनरच्या मध्यरेषेवर, मालाच्या दोन रांगांच्या मध्ये घालण्याची पद्धत आहे. माल दोन्ही भिंतींना सपाट टेकतो आणि भार वाटला जातो.

हवेच्या पिशवीचा आणखी एक गुण म्हणजे ती प्रवासात बदलते. लाकडाची पाचर सहसा जिथल्या तिथे राहते. हवा मात्र तापमान आणि उंची यांना प्रतिसाद देते. २५ अंशांवर ०.२ बार दाबाने भरलेल्या पिशवीचे आकारमान फटीमुळे कायम राहिले असे धरले, तर उन्हात कंटेनर ५० अंशांपर्यंत तापल्यावर दाब ०.३ बारच्या जवळ जातो आणि ५ अंशांच्या थंडीत ०.१२ वर उतरतो. एप्रिलमध्ये आतल्या भागातील कंटेनर डेपोच्या उघड्या आवारात उभ्या असलेल्या कंटेनरसाठी पहिली, तर उत्तर युरोपात हिवाळ्यात उतरणाऱ्या मालासाठी दुसरी शक्यता खरी.

उंचीचा परिणाम त्याहूनही कमी लक्षात घेतला जातो. चिकमगळूर आणि हासन परिसरातील कॉफी प्रक्रिया केंद्रे समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर आहेत. तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ०.१ बारने कमी असतो. तेथेच पॅलेटवरील माल भरून पिशवी ०.२ बारपर्यंत फुगविली आणि कंटेनर घाट उतरून मंगळूरू बंदरात आला, तर बाहेरील हवेचा दाब वाढल्यामुळे पिशवीचा परिणामकारक दाब निम्म्यावर येतो. किनाऱ्यावरील उष्म्याने थोडी भरपाई होते, पण पूर्ण नाही. अशा ठिकाणी बंदरावर दाब पुन्हा तपासण्याची सोय क्वचितच असते, कारण दारावर मोहोर लागलेली असते. म्हणून पिशवीची निवड करतानाच ही घट धरून मोठ्या क्षेत्राची पिशवी घ्यावी लागते. नाशिक किंवा पुण्याच्या परिसरातून न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालालाही हाच नियम लागू आहे, परिणाम काहीसा सौम्य एवढेच.

द्राक्षांचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. ०.२ बार दाबाची पिशवी ४० बाय १२ सेंटिमीटर बाजूच्या खोक्याला थेट टेकली, तर त्या एका खोक्यावर जवळजवळ ९८ किलोचा आडवा जोर येतो. पन्हळी पुठ्ठ्याचा खोका आणि त्यातील घड यांना तो पेलणारा नाही. शिवाय शीत कंटेनरमध्ये थंड हवा जमिनीवरील खाचांतून निघून मालातून वर चढते. चुकीच्या जागी ठेवलेली पिशवी खोक्यांची छिद्रेच बुजवते. त्यात पॅकहाऊसच्या ३० अंश हवेत भरलेली पिशवी शून्य अंशाला आल्यावर तिचा दाब ०.०८ बारच्या आसपास राहतो. मऊ फळांसाठी कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पॅलेटभोवती घट्ट पट्टे आणि नेमक्या मापाची रचना हाच योग्य मार्ग होय.

दुसरे टोक आंब्याच्या गराचे. आंध्र प्रदेशातील चित्तूर आणि तमिळनाडूतील कृष्णगिरी ही गरनिर्मितीची प्रमुख केंद्रे. निर्जंतुक गराचे सुमारे २१५ किलोचे पोलादी पिंप वीस फुटी कंटेनरमध्ये दोन थरांत मिळून ८० बसतात. रुंदीत ते भिंतींना जवळजवळ टेकतात. लांबीत मात्र दाराशी थोडी जागा उरते. तेथे पिशवी घालणे सोपे वाटते आणि तेच सर्वांत धोक्याचे आहे. दाराला दाबून बसलेली पिशवी अडसर काढताच दार जोराने बाहेर फेकते आणि समोर उभ्या हमालाच्या जिवावर बेतते. या जागी शिक्क्याच्या लाकडाचे किंवा प्लायचे भरीव आडवे अडसर कोपऱ्यांच्या खांबांना टेकवून बसवावेत. पिंपांच्या रांगांमध्ये पिशवी वापरायचीच असेल तर दोन्ही बाजूंना प्लायची फळी हवी, कारण गोल पृष्ठभागावर पिशवी अगदी अरुंद पट्टीने टेकते.

प्रत्यक्ष भरणीत काळजी घ्यायच्या गोष्टी फार नाहीत, पण टाळता येण्याजोग्याही नाहीत. पॅलेटचे खिळे, पट्ट्यांची टोके आणि फळ्यांचे कंगोरे आधी हाताने चाचपून काढावेत. जेथे शंका असेल तेथे जाड पुठ्ठा लावावा. पिशवी जमिनीला टेकू नये आणि मालाच्या वर डोकावू नये. काँप्रेसरच्या टाकीत सहा-आठ बार दाब असतो, पिशवीला लागतो त्याच्या तीस-चाळीसपट. दाबमापक नसलेल्या, टायरसाठीच्या नळीने ‘अंदाजाने’ हवा भरणे म्हणजे पिशवी फोडण्याचीच तयारी. मापक बसविलेली बंदूक तुलनेने स्वस्त असते. निम्मा दाब भरून पिशवी सरळ बसली का ते पाहावे, मग उरलेला दाब द्यावा आणि दार बंद करण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजावे. ती नोंद छायाचित्रासह जपून ठेवावी.

या नोंदीला आर्थिक अर्थ आहे. सागरी विम्याच्या सर्वांत व्यापक समजल्या जाणाऱ्या ‘ए’ अटींतही अपुऱ्या किंवा अयोग्य वेष्टनामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, आणि विमाधारकाने स्वतः कंटेनरमध्ये केलेली मालाची रचना या वेष्टनातच मोजली जाते. स्वतःच्या पॅकहाऊसमध्ये कंटेनर भरणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीला म्हणूनच हा धोका अधिक. हप्ता भरलेला असूनही दावा नाकारला जाऊ शकतो.

माल उतरविणाऱ्याला आत पिशव्या आहेत हे कळणे आवश्यक असते. तशी सूचना कागदपत्रांत आणि दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी. दार उघडताना एक पट्टा अडकवून ते हळू सोडावे, पिशवीची हवा झडपेतून काढावी, आणि झडप अडली तरच बाजूला उभे राहून वरच्या कोपऱ्याला छोटा छेद द्यावा. कागदी पिशवीतील पॉलिथिनचा फुगा वेगळा काढला की दोन्ही भाग पुनर्वापरासाठी जातात.