अंगठा, पत्ता आणि सोबत

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्या, लहान पोरे आणि कोयते चढतात आणि माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल जोडप्याने घ्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई असली तर तो 'अर्धा कोयता'. आणि हात थकले की त्या हिशेबात बाई कुठेच बसत नाही. मागे गावात उरते ती म्हातारी. कधी नातवंडांना सांभाळायला, कधी घराला राखण म्हणून, तर कधी बरोबर न्यायला कुणी राहिलेच नाही म्हणून.

बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा फूटपाथ येतो. आमच्याकडची बेघर म्हातारी निराळी. परळीला वैजनाथाच्या पायऱ्यांशी, अंबाजोगाईला योगेश्वरीच्या देवळाबाहेर किंवा एस.टी. स्टँडच्या बाकावर ती दिसते. पण पुष्कळदा ती गावातच असते. पुतण्याच्या गोठ्यात, नाहीतर मारुतीच्या पारावर. डोक्यावर पत्रा असतो, पण तो तिचा नसतो. कुणी 'ऊठ' म्हटले की तिने उठायचे.

आणि ही म्हातारी नेहमी सत्तरीचीच असते असे नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांची त्या वेळी पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्यातल्या अनेक जणी ऐन उमेदीच्या वयातल्या. अशी शस्त्रक्रिया लवकर झाली की हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. वर उसाच्या मोळ्या वाहून मान-पाठ गेलेली. पन्नाशीतच ही बाई म्हातारी होते. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन मात्र पासष्टीनंतर!

मधल्या वर्षांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. १९८० पासून आहे. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्यांना ती लागू होते. २०२३ पासून या दोन्ही योजनांत दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. रक्कम थोडी आहे, पण मीठ-मिरची, चहा-साखर आणि गुडघ्याच्या गोळ्या एवढे तरी तिच्या स्वतःच्या पैशांतून होते. अडचण आहे ती पुढे. विधवेने नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणायचा. टाकलेल्या बाईने काय आणायचे? नवरा जिवंत आहे, दुसरे घर करून राहिला आहे, कोर्टात कुणी गेलेले नाही. शिवाय वयाचा पुरावा हवा, २१,००० रुपयांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला हवा, रहिवासी दाखला हवा. जिला घर नाही तिला पहिला प्रश्न विचारला जातो तो पत्त्याचा.

बँकेतल्या नोकरीत हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. अनुदानाच्या दिवसांत या बायका शाखा उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, पिशवी कमरेला खोचलेली. 'किती आलं?' असे क्वचितच कुणी विचारी. प्रश्न असे, 'आलं का बाई?' मग यंत्रावर अंगठा. तो उमटायचा नाही. कोयत्याने, मातीने आणि राखेने भांडी घासून बोटांच्या रेषाच पुसून गेलेल्या. 'मावशी, हात पुसा, परत लावा.' चार वेळा लावूनही यंत्राचे म्हणणे एकच, की ही बाई ती नव्हेच! जन्मभर राबल्याची खूण तीच, आणि ओळख नाकारली जाण्याचे कारणही तेच.

अशा वेळी कामाला येई ते बरोबरचे माणूस. अंगठा उमटत नसेल तर डोळ्यांच्या बुबुळांवरूनही आधारची ओळख पटते, हे म्हातारीला ठाऊक नसते. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाचा दाखला आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, हेही नसते. बरोबर कुणी असले की तो कर्मचाऱ्याला दुसऱ्यांदा विचारतो, तहसीलला दुसऱ्यांदा जातो. एकटी म्हातारी पहिल्या नकारालाच परत फिरते. नकार ऐकून घेण्याची सवय तिला पुष्कळ आधीपासून असते.

ही सोबत संस्थेच्या रूपानेही मिळू शकते. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२ मध्ये 'मानवलोक' उभी केली. तिच्याच सावलीत शैलाताई लोहियांनी 'मनस्विनी' प्रकल्पातून एकट्या पडलेल्या स्त्रियांसाठी काम केले. गावातल्या निराधार वृद्धांसाठी सामूहिक स्वयंपाकघर ही मानवलोकची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. म्हातारीला गाव सोडून वृद्धाश्रमात जावे लागत नाही, आणि पोटाची सोय होते. शिवाय एके दिवशी ती जेवायला दिसली नाही, तर कुणाच्या तरी ते लक्षात येते. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची 'माउली' संस्था रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण, निराधार स्त्रियांना सांभाळते. जिथे नुसत्या शेजाराने भागणार नाही, तिथे असे घरच लागते.

कायदाही पाठीशी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार मुलांकडून निर्वाहासाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मागता येते. मूल नसेल तर तिची मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकाकडूनही मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, वकील लागत नाही. आणि बँकेतल्या बाईचा एक व्यवहारी सल्ला. घर, जमीन मुलाच्या-पुतण्याच्या नावे करताना 'शेवटपर्यंत सांभाळीन' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. अट लिहिलेली असेल आणि पाळली गेली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. तोंडी शब्दावर कागद परत फिरत नाही.

मग आपण काय करायचे? मोठी देणगी हा एक मार्ग झाला, पण सगळ्यांना तो जमत नाही. आपल्या गल्लीत भांडी घासायला येणाऱ्या, देवळापाशी बसणाऱ्या, गावी गेलो की ओट्यावर दिसणाऱ्या एका म्हातारीची जबाबदारी एका घराने घ्यावी. जबाबदारी म्हणजे तिला घरी आणून ठेवणे नव्हे. वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्यासाठी बरोबर जायचे, एकदा डोळे तपासून आणायचे, पासबुकावर नोंद करून ती वाचून दाखवायची. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना हे सहज जमते. कुणी वाऱ्यावर सोडलेली दिसली तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन क्रमांक लक्षात ठेवायचा. आणि तिला नावाने हाक मारायची. 'म्हातारे', 'ए आजी' अशा हाकांत बऱ्याच जणींचे नाव वर्षानुवर्षे कुणी उच्चारलेलेच नसते.

सरकार पैसे देऊ शकते, कायदा हक्क देऊ शकतो. तहसीलच्या पायऱ्या चढताना हात धरायला मात्र माणूसच लागतो. यंदाही उसाच्या गाड्या निघतील आणि मागे दाराशी कुणी तरी बसलेली असेल. तिच्या दाराशी थांबून 'जेवलीस का गं आजी?' एवढे विचारणारे कुणी असले, तरी ती निराधार राहत नाही.