संकेतस्थळाचे स्थलांतर

बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी, पेट्या आणि अंथरुणे गाडीत चढवता येतात. शेजार मात्र चढवता येत नाही. इंटरनेटवरील संकेतस्थळाचेही असेच आहे. ते एका साधनावरून दुसऱ्या साधनावर नेता येते. परंतु त्या साधनाभोवती जमलेली माणसे, त्यांचे अनुभव आणि त्यांची मदत आपोआप सोबत येत नाही. संकेतस्थळाचे स्थलांतर का करावे लागते, त्यात काय टिकते आणि काय गमावले जाते, हे प्रस्तुत पाठात आपण पाहणार आहोत.

प्रथम एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात एच. डी. कोटे हे तालुक्याचे गाव आहे. हेग्गडदेवनकोटे हे त्याचे पूर्ण नाव होय. कबिनी नदीवरील जलाशय आणि नागरहोळेचे अरण्य यांमुळे या परिसरात पर्यटक येतात. जेनु कुरुब ही आदिवासी जमात याच भागातील असून ‘जेनु’ या कन्नड शब्दाचा अर्थ मध असा आहे. समजा, येथील एक कुटुंब घरातील दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देते आणि रानातील मध विकते. पुण्याहून वा बेंगळुरूहून येणारा पाहुणा त्यांना गाठतो तो संकेतस्थळामुळेच. एके दिवशी त्या संकेतस्थळाचे साधन पुरविणारी कंपनी दर वाढवते किंवा सेवा बंद करण्याची सूचना देते. आता या कुटुंबाने काय करावे? प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटला तरी तो मुळात चरितार्थाचा आहे.

साधनांचे दोन प्रकार

संकेतस्थळ उभारण्याची साधने स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात एकच कंपनी जागा, साचे आणि देखभाल हे सर्व काही पुरवते. २००६ साली सुरू झालेली विक्स ही सेवा या प्रकारातील आहे. हे भाड्याच्या सजवलेल्या खोलीसारखे असते. सोय भरपूर असते. परंतु खोली सोडताना भिंती आणि सजावट मागे ठेवावी लागते.

दुसऱ्या प्रकारातील साधने मुक्त परवान्याची असतात. त्यांचा मूळ संगणकीय मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. ड्रुपल, वर्डप्रेस आणि जूमला ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. हे स्वतः बांधलेल्या घरासारखे असते. स्वातंत्र्य अधिक, पण गळती लागली तर कौले आपणच शाकारायची असतात. अशा वेळी ज्यांनी तसेच घर बांधले आहे, त्यांच्याकडे आपण सल्ल्यासाठी जातो. वापरकर्त्यांच्या समुदायाचे महत्त्व येथे सुरू होते.

लोक साधन का सोडतात?

पहिले कारण म्हणजे सेवा बंद पडणे. जिओसिटीज ही सेवा १९९४ साली अमेरिकेत सुरू झाली. तिने सामान्य माणसाला विनामूल्य पाने उभारण्याची संधी दिली. विषयांनुसार तिच्यात ‘वस्त्या’ वसवल्या होत्या आणि प्रत्येक पान त्यांतील एखाद्या वस्तीचे रहिवासी असे. १९९९ मध्ये याहू कंपनीने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बरीचशी पाने जतन केली. पानांच्या प्रती वाचल्या, पण वस्ती पुन्हा नांदती झाली नाही.

दुसरे कारण म्हणजे अटी बदलणे. मूव्हेबल टाइप हे अनुदिनी लिहिण्याचे लोकप्रिय साधन होते. मे २००४ मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी आणि दर बदलले. नाराज झालेले अनेक लेखक वर्डप्रेसकडे वळले. वर्डप्रेस त्या वेळी जेमतेम वर्षभराचे होते. २००३ साली मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू या साधनाच्या पायावर ते उभे केले होते. बी-टूचा विकास थंडावला होता, परंतु परवाना मुक्त असल्यामुळे इतरांना तेच काम पुढे नेता आले. आज जगातील पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन वर्डप्रेसवर चालतात.

तिसरे कारण म्हणजे साधनातच आमूलाग्र बदल होणे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेली ड्रुपलची आठवी आवृत्ती सातवीपेक्षा इतकी वेगळी होती की, तिच्यावर जाणे हे जवळजवळ नव्याने बांधकाम करण्यासारखे होते. अनेक संकेतस्थळे त्यामुळे सातवीवरच थांबली. अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार संपला.

समुदाय म्हणजे गाव

ड्रुपलच्या नावामागे एक मनोरंजक हकिकत आहे. त्याचे जनक ड्रीस बाउटार्ट यांना आपल्या संकेतस्थळासाठी ‘डॉर्प’ हे नाव हवे होते. डच भाषेत त्याचा अर्थ गाव. टंकनातील चुकीने त्याचे ‘ड्रॉप’, म्हणजे थेंब झाले आणि पुढे थेंबाच्या डच शब्दावरून ‘ड्रुपल’ हे नाव पडले. नावातून गाव निसटले, पण साधनाभोवती गाव वसलेच. कोणी चुका दुरुस्त करतो, कोणी नवख्यांच्या शंकांना उत्तरे देतो, कोणी सूचना आपल्या भाषेत आणतो. यांतील बहुतेक कामे स्वेच्छेने होतात.

हे गाव रुसले तर काय होते, हे जूमलाच्या इतिहासावरून कळते. मॅम्बो नावाच्या साधनाच्या मालकीवरून आणि कारभारावरून २००५ मध्ये मतभेद झाले. त्याचे प्रमुख विकासक एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी तोच मजकूर घेऊन नवे साधन सुरू केले. त्याचे नाव ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून ठेवण्यात आले. एकूण बेरीज या अर्थाने जुन्या मराठी कागदपत्रांत येणारा ‘जुमला’ हा शब्दही त्याच अरबी कुळातला आहे. माणसे जिकडे गेली, तिकडे साधनाचे भवितव्य गेले. मॅम्बो हळूहळू मागे पडले.

मराठीचा अनुभव

मराठी भाषकांना अशा स्थलांतराचा वेगळाच अनुभव आहे. युनिकोड ही लिपींची जागतिक सांकेतिक पद्धत रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा टंक निराळा असे. तो टंक संगणकावर नसेल तर लेखाऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. मजकूर दुसरीकडे न्यायचा, तर आधी त्याचे रूपांतर करावे लागे. कन्नडची अडचणही हीच होती. १९९८ मध्ये कन्नडसाठी तयार झालेली ‘बरह’ ही प्रणाली पुढे अनेक मराठी लेखकांनीही वापरली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९९६ साली सुरू झालेली मायबोली पुढे ड्रुपलवर आली, तर त्यानंतरची मनोगत, मिसळपाव आणि ऐसी अक्षरे ही मराठी संकेतस्थळेही ड्रुपलच्या आधारे उभी राहिली. एकाने सोडवलेली अडचण दुसऱ्याच्या कामी येऊ शकते, हा समान साधनाचा मोठा लाभ होय. युनिकोडमुळे आणखी एक गोष्ट साधली. साधन बदलले तरी अक्षर बदलत नाही, ही खात्री मराठी लेखनाला प्रथमच मिळाली.

काय सोबत येते?

आता एच. डी. कोटे येथील कुटुंबाकडे वळू. स्थलांतरात लेख आणि पानांचा मजकूर बहुधा नेता येतो. छायाचित्रे मात्र अनेकदा वेगळी उतरवून घ्यावी लागतात. साचे आणि मांडणी क्वचितच जशीच्या तशी येतात. सदस्यांची परवलीची वाक्ये सांकेतिक रूपात साठवलेली असल्याने पुष्कळदा प्रत्येकाला ती नव्याने ठरवावी लागतात. या टप्प्यावर अनेक सदस्य कायमचे दुरावतात.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पत्ता. संकेतस्थळाचे नाव कुटुंबाने स्वतः नोंदवलेले असेल, तर साधन बदलूनही पाहुणे त्याच दारी येतील. ते कंपनीच्या नावाला जोडलेले असेल, तर दारावरची पाटी कंपनीपाशीच राहील. म्हणून नाव आरंभीच स्वतःकडे नोंदवावे. मजकुराची प्रत वेळोवेळी आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी. नवे स्थळ पूर्ण तपासून झाल्याशिवाय जुने बंद करू नये आणि शक्य असेल तेथे जुन्या पानांवरून नव्या पानांकडे वाट दाखवावी.

साधन निवडताना आणखी एक चौकशी करावी. अडचण आल्यास आपल्याला समजेल अशा भाषेत उत्तर देणारे कोणी आहे काय? ज्या साधनावर काम करणारी चार माणसे आपल्या ओळखीत वा जिल्ह्यात आहेत, ते साधन थोडे कमी देखणे असले तरी छोट्या व्यावसायिकाला अधिक उपयोगी पडते. आणि असा आधार मिळाला, तर आपणही पुढच्या नवख्याला तो द्यावा. समुदाय विकत मिळत नाही. तो देण्याघेण्यातूनच उभा राहतो.

घर बांधताना आपण बाहेर पडण्याचे दार आधीच ठेवतो, त्यात घराविषयी अविश्वास नसतो. संकेतस्थळ उभारतानाही पहिल्या दिवशीच विचारावे : येथून जायचे झाल्यास माझे काय माझ्याबरोबर येईल? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणारे साधन विश्वासाला पात्र समजावे.